वाघिणीच्या कपाळावरचा कवडसा

भात पिवळं पडायला लागलं की लोकांना आनंद होतो. मला मळमळतं. दसरा उरकतो, पाऊस एकदाचं तोंड काळं करतो, साखळी गावापासून आमच्या वाड्यापर्यंत, म्हणजे आमच्या वस्तीपर्यंत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कणसं वाकलेली असतात. हवेत तो पिकत्या भाताचा गोडसर वास. आणि सकाळची न्याहारी पोटात जिरत नाही तोच ऊन असं अंगावर येतं, की दुकानाचं शटर वर ढकलताना हात भाजतो. साखळीच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे, बारशापासून बाराव्यापर्यंत सगळ्यांचे फोटो मी काढतो. या दिवसांत हमखास कोणीतरी नवं जोडपं येतं आणि म्हणतं, "काय सुंदर उजेड पडलाय हो! शेतात जाऊन काढूया ना." मी जातो, काढतो, पैसे घेतो. पण आश्विनातल्या उन्हाचं कोणी कौतुक करायला लागलं, की उठून आत जाऊन तोंड धुवावंसं वाटतं.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच आश्विनात मी एका वाघिणीचे फोटो काढत होतो. आठवडाभर तोच उद्योग.

कुठल्या प्राणिसंग्रहालयात, ते सांगत नाही. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला उशिरा का होईना घरी येता येईल, एवढ्या अंतरावरचं होतं, एवढं पुरे. नाव सांगून तरी काय करायचंय? जाळी सगळीकडे एकाच जातीची असते. तिथली माणसंही वाईट नव्हती हो. वेळेवर मांस, वेळेवर पाणी, झाडलोट, फिनेल, सगळं यथासांग. म्हणजे कोणाच्या नावाने बोटं मोडावी, तर तीही सोय नाही. नुसती शिसारी यायची आणि ती कुठे थुंकायची ते कळायचं नाही.

आता उजेडाचं सांगतो, कारण माझी रोजीरोटी त्याच्यावर आहे. रानातला चांगला उजेड पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा. त्या दोन्ही वेळांना फाटक बंद. फाटक उघडतं तेव्हा ऊन वर चढलेलं असतं, झाडांच्या पानांतून खाली कवडसे पडलेले असतात. नवख्याला वाटतं, वा, काय शोभा! कॅमेऱ्याला विचारा. कवडशात आलेलं अंग पांढरंफटक जळून जातं आणि बाकीचं काजळासारखं काळं होतं. अस्वल तर कॅमेऱ्यात येतच नाही. काळ्या कोपऱ्यात काळं जनावर, दोन डोळे चमकले तर नशीब. सापाच्या काचेत साप कमी आणि आपणच जास्त दिसतो, मागे उभ्या असलेल्या पोटसुट्या गृहस्थांसकट. वर हिरव्या पत्र्याचं छप्पर. त्यातून गाळून आलेल्या उजेडात मोर, हरीण, माकड, सगळ्यांना कावीळ झालेली.

आणि जाळी. प्राणिसंग्रहालयातल्या फोटोची सगळी करामत म्हणजे जाळी नाहीशी करणं. भिंग जाळीला जवळजवळ चिकटवायचं, त्याचं छिद्र पूर्ण उघडायचं, जनावर मागे दूर जाईपर्यंत थांबायचं. मग तारा विरघळून जातात. पण जाळीवर ऊन पडलेलं असलं तर संपलं, सगळ्या फोटोवर पांढरट साय येते. म्हणून मी पावसाळ्यातली मोठी काळी छत्री घेऊन जायचो आणि जाळीवर सावली धरायचो. वाघाचा फोटो काढायला छातीबिती लागत नाही, छत्री लागते. एका हातात छत्री, एका हातात कॅमेरा, नाकात वाघाच्या मुताचा उग्र दर्प. मुळात हे सगळं कशासाठी, तर जनावर कोंडलेलं आहे एवढंच तेवढं दिसू नये. या कामाला आमच्या धंद्यात कौशल्य म्हणतात. थू!

मला तिथे पाठवलं होतं दत्तूकाकांनी. दत्तूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ आणि वाड्यावरच्या वाघऱ्याच्या देवस्थानाचे अध्यक्ष. वाघरो आमचा राखणदार. काजूच्या डोंगराच्या पायथ्याला त्याचा पाषाण आहे. त्यावर कधीकाळी वाघ कोरलेला होता, आता तेल, शेंदूर आणि पावसाने तो एवढा झिजलाय की नुसता एक उंचवटा उरलाय. भात कापायला घालण्याआधी सगळा वाडा तिथे जमतो, नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो: डोंगरात चरायला गेलेली आमची गुरं सांभाळ. याला आम्ही राखण देणं म्हणतो. त्या वर्षी कमिटीने पाषाणाभोवती सभागृह बांधलं होतं. न्हाणीघराला लावतात तसल्या चकचकीत टाइल्स, स्टीलचे कठडे. बघूनच माझं डोकं फिरलं होतं, पण मला कोण विचारतो.

काका एके दिवशी दुकानात येऊन बसले. पंखा माझ्याकडून स्वतःकडे वळवून घेतला आणि म्हणाले, "पाषाणांत वाघ आमकां दिसता रे. पोरांक दिसना. परवा एकलो म्हणता, काका, तुमी हो बेडूक कित्याक पुजतात? आयकून जीव गेलो माजो. भिंतीर लावपाक एक व्हडलो फोटो जाय. जिवंत वाघाचो."

"काका, जिवंत वाघ आतां पिंजऱ्यांतच मेळटलो."

"मेळूं दी. पूण पिंजरो दिसपाक फावना हां. देव केन्ना पिंजऱ्यांत बसता?"

"आणि वाघ ना, वाघीण आसा थंय."

"फोटोंत कोणाक कळटा?" असं म्हणून काका उठले. पंखा तसाच भिंतीकडे वारा घालत राहिला.

तेव्हा मी वाघिणीपुढे छत्री धरून उभा राहायला लागलो. वाघीण म्हातारी होती. जाळीच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची. वळायची. पुन्हा चालायची. जमिनीत तिच्या पायांची वाट पडली होती, गवत म्हणून नाही. वळताना ती दर खेपेला कपाळ जाळीच्या एकाच जागी घासायची. खाज म्हणून नव्हे, राग म्हणूनही नव्हे. आपण दार ओढून घेताना कडी लावतो, तसं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध तिचे केस गेले होते, कातडी गेली होती, आत लालभडक ओलं मांस दिसायचं. त्यावर माश्या. पिंजऱ्याच्या रखवालदाराला विचारलं तर तो बिचारा म्हणाला, "मलम लावतो साहेब, सगळं करतो. ती संध्याकाळपर्यंत पुसून टाकते." तो तरी काय करणार?

आणि माणसं! अरे देवा, माणसं. रविवारी जायची चूक मी एकदाच केली. एक बाप पोटच्या मुलीला खांद्यावर घेऊन वाघिणीला शिट्या मारत होता. एक बाई चिप्सचा चुरा जाळीतून आत उडवत होती, वाघिणीला! कोणी जाळीवर पाण्याची बाटली बडवत होता. एका तरुणाने माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "अंकल, तिला जरा ओरडायला लावा ना, रील करतोय." मी म्हटलं, "तू आत जा, आपोआप ओरडेल." त्याला ते विनोदी वाटलं. खदाखदा हसला, बायकोलाही सांगितलं. वाघीण चालत होती, वळत होती, कपाळ घासत होती.

घरी आलो की बायको दारातच अडवायची. ती पेडण्याकडची, हळर्णची. बोलण्यात हातचं राखून ठेवणं तिच्या माहेरच्या रक्तात नाही. "आधी न्हाणयेत जावा. वास येता तुमका. वाघाचो काय माणसांचो, देव जाणे." मी दोनदा साबण लावायचो. जेवायला बसलो की मी ताटातला मासा बाजूला सारायचो, आणि ती तो उचलून नुसतं ताक-भात वाढायची.

शेवटी फोटो मिळाले. दोन मिळाले. पहिला काकांना हवा होता तसा: वाघीण अंधाऱ्या बाजूने येतेय, मान किंचित वळलेली, कपाळ सावलीत, जखम काळोखात बुडालेली. मागे जाळी नाही, पुढे जाळी नाही. खुद्द रानात काढल्यासारखा. दुसरा मी काकांसाठी काढलाच नव्हता. ती वळण्याच्या जागी आली, कपाळ जाळीला लावलं आणि क्षणभर थबकली. नेमका त्याच वेळी वरून एक कवडसा तिच्या कपाळावर उतरला. बाकी सगळा चेहरा मंद, सोनेरी, आणि मधोमध ती जखम पेटल्यासारखी लाल. जाळीच्या दोन तारा गालावरून गेलेल्या, अगदी पुसट. माझं बोट आपोआप दाबलं गेलं. एवढा अवघड उजेड इतका नीट मला जन्मात साधला नव्हता, आणि ते समजून मनात जो आनंद झाला त्याचीच मला आजही जास्त किळस येते.

पहिला फोटो मोबाइलवर बघून काका खूश. "जिवंत! कसो चकचकता पळय! राखणीच्या दिसा हाड, सगळ्यांफुडें उगडूंया."

त्याच आठवड्यात बिबट्याने काकांची पाडी, म्हणजे गाईची कालवड, नेली. आधी वाड्यावरची दोन कुत्री गेली होती, त्याचं कोणाला फारसं वाटलं नव्हतं. पण पाडी काकांच्या गोठ्यातली. काकू दोन दिवस जेवली नाही. वाड्यावर एकच गजर: पिंजरा आणा, बिबट्याला पकडून न्या. वनखात्यातली माणसं म्हणाली, गावाचा अर्ज आला तर पिंजरा लावू. काकांनी ठरवलं, राखणीच्या दिवशी सगळा वाडा जमतोच आहे, तिथेच सह्या घेऊ.

मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "काका, धरून हाडलो जाल्यार परत सोडटले अशें ना. खंय वचून पडटलो जाणात? हांव पळोवन आयलां तो जागो."

"बरोच जागो मरे. बशिल्ल्या जाग्यार मांस. धांवप ना, पावसांत भिजप ना. म्हजेपरस सुखी."

"काका, राखण कोणाची दिता आमी?"

काका रागावले. "देव तो देव आनी बिबटो तो बिबटो. शाणपण शिकयनाका. तुजी पाडी गेल्ली काय?"

पाडी गेलेल्या माणसाला काय सांगणार. बायको मात्र घरी पोळी लाटता लाटता म्हणाली, "आमच्या हळर्णात वाघ इलो तर ढोल बडयत, गोठ्याची दारां घट करीत. चार दिसांनी तो आपलो वाटेक लागे. पिंजरो कसलो हाडतत!"

तो बिबटा मी एकदाच पाहिला. राखणीच्या दोनच दिवस आधी, दुकान बंद करून येताना, दिवेलागणीला. शेताच्या बांधावरून तो चालत होता, घाई नाही, चोरी नाही. मी स्कूटर बंद केली. भात काळपट होत चाललं होतं आणि त्याच्यावरून त्याची पाठ तेवढी सरकत होती. कॅमेरा पिशवीत होता, पण एवढ्या उजेडात काही आलंच नसतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी कोणीही नसल्यासारखं, आणि काजूत शिरला. त्या महिन्यात पहिल्यांदाच माझ्या छातीत मोकळा श्वास गेला. आणि तिथेच, बांधावर उभ्याउभ्या ठरलं: याला तिथे जाऊ द्यायचं नाही. वाड्याला दाखवायचं, जाळी काय करते ते. पहिला फोटो ठेवायचा बाजूला आणि दुसरा मोठा करून न्यायचा. जखमेचा. बघू दे सगळ्यांना. बघितल्यावर कोण सही करील?

रातोरात नव्हे, चांगला दिवसभर बसून मी तो फोटो छापला. दाराएवढा. रंगात खोटं काही मिसळलं नाही, पण लाल जरासाही फिका पडू दिला नाही. लोकांना ओकारी यायला हवी होती.

राखणीच्या दिवशी सभागृह भरलेलं. पाषाणाला जास्वंदीचा हार, नारळांची रास, नव्या टाइल्सवर सगळ्यांचे ओले पाय. काकांनी गाऱ्हाणं घातलं. मग म्हणाले, "हाड रे फोटो." भिंतीला टेकवून मी वरचं कापड ओढलं.

सगळ्या माना फोटोकडे वळल्या. मला वाटलं, लागलं. नेमकं लागलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात काकू पुढे आली. दोन दिवस उपाशी राहिलेली ती बाई, डोळे अजून सुजलेले. फोटोपुढे उभी राहिली, वाकली, आणि पदर डोक्यावर ओढून तिने हात जोडले.

"कुंकू," ती म्हणाली. "पळयात. कपाळार कुंकू आसा."

"काकू, कुंकू न्हय तें!" मी ओरडलोच. "जखम ती! जाळयेक घासून घासून कातडी गेल्या तिची! मांस दिसता तें!"

पण कोण ऐकतो! माणसं उठत होती, चपला आधीच बाहेर होत्या, एकेक जण पुढे येऊन डोकं टेकत होता. त्या कवडशाने घात केला. एवढी नीट, एवढी गोल, एवढी लाल दिसत होती ती जखम, की मी परका असतो तर कदाचित मलाही कुंकूच दिसलं असतं. काका माझ्याजवळ आले. त्यांनीही हात जोडलेले होते. "तुवें दुसरोच फोटो हाडलो. तुज्या हातांत तो आपसूक आयलो काय ना? देवान हाडयलो रे. तुका मात कळूंक ना."

"काका, गालार तारो दिसतात पळयात. पिंजरो आसा तो!"

"आसूं दी. थंय बसूनय देवान आपली खूण सोडूंक ना." आणि मग वळून सगळ्यांना उद्देशून ते जे बोलले ते आजही आठवलं की कानात उकळतं तेल ओतल्यासारखं होतं. म्हणाले, "देव जंय आसा, थंयच आमचो बिबटो वता. हाचेपरस बरें कितें जावपाचें?"

देव जिथे आहे तिथेच बिबटा जातोय, यापेक्षा चांगलं काय, असं अध्यक्षांनीच म्हटल्यावर सह्या झाल्या. ज्यांचं मन मागेपुढे होत होतं त्यांनीही केल्या, हात जोडून, कुंकवाची बोटं कागदाला पुसत. पाडीच्या दुःखात नसतं झालं एवढं काम माझ्या फोटोने करून दिलं. मी बाहेर जाऊन काजूखाली ओकलो. बायको पाठ चोळत होती.

बिबटा चौथ्या की पाचव्या दिवशी सापडला. पिंजऱ्यात शेळी बांधली होती. सकाळी सगळा वाडा बघायला लोटला, मोबाइल वर धरून, पोरांना पुढे ढकलून. त्याने गजांना चावून सुळे मोडून घेतले होते, तोंड रक्ताने माखलेलं. वनखात्यातला म्हातारा डॉक्टर बघून हळहळला: सुळे गेले, आता हा रानात शिकार करू शकत नाही, सोडता येणार नाही. कोणीतरी मला म्हणालं, "अरे, तुजो कॅमेरो खंय? उजेड कसो बरो पडला पळय." खरंच बरा पडला होता. डोंगरावरून तिरपं, मऊ ऊन थेट पिंजऱ्यात. मी मेल्यांनो म्हणून एक शिवी हासडली आणि चालता झालो. मागे कोणीतरी हसलं.

फोटो अजून तिथेच आहे. लोक दुरून येतात, म्हणे नवसाला पावतो. चौकटीवर हळद-कुंकवाचे इतके हात पुसलेत की वाघिणीचे पंजे दिसेनासे झाले. दर वर्षी राखणीला मी जातो, नाही गेलो तर वाड्यात राहता येणार नाही. नारळ ठेवतो आणि खाली बघतो. वाघीण पुढल्याच पावसात गेली, हे मी काकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, देव आता पुरता आमच्याकडे आला.

गेल्या आठवड्यात, हे ऊन पडायला लागलं तसा मी बिबट्याला बघायला गेलो. का, ते विचारू नका. कॅमेरा नेला नव्हता. वाघिणीची जागा त्यालाच दिलीय. जमिनीतली वाट तीच, तिच्यावर आता त्याचे पाय. चालत होता. वळत होता. वळताना जाळीपाशी मान खाली घालत होता. मी जाळीला नाक लावून उभा राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, बाबा, तोंड इकडे करू नकोस. त्याने केलं. डोळ्यांच्या मधोमध चिंचोक्याएवढ्या जागेवरचे केस गेलेले होते. खालची कातडी नुकती गुलाबी व्हायला लागली होती.

परत येताना वाटेत दत्तूकाकांकडे थांबावं लागलं. त्यांना आता चालवत नाही, पडवीत खुर्ची टाकून बसलेले असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. कुठून आलास विचारलं, मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. पुढे वाकून, पोराच्या परीक्षेचा निकाल विचारावा तसं त्यांनी विचारलं, "आमच्या बिबट्याच्या कपाळार कितें आयलां?"

"ना काका," मी म्हटलं. "कांयच ना."

काकांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आज ना उद्या होईलच अशी समजूत घातल्यासारखा हळूहळू थोपटला आणि म्हणाले, "वायट मानून घेव नाका. येतलें रे. बेगीन येतलें."